हरतालिकेला आलेली पेंड

चाळीसगावच्या बाजारात प्रमिलाबाईंच्या पेंडीच्या दुकानाला पाटी नव्हती. पाटी नव्या दुकानाला लागते, असं त्या म्हणायच्या. खरं तर रंगाऱ्याला पैसे द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. पण अडत काहीच नव्हतं. सगळा बाजार त्यांना अक्का म्हणे, आणि स्टँडवर उतरून 'अक्कांचं दुकान' म्हटलं की कुणीही बोट दाखवी.

दुकान मूळचं रतिलालभाऊंचं, त्यांच्या यजमानांचं. सरकीची, भुईमुगाची पेंड फोडून फोडून तिची धूळ भाऊंच्या छातीत बसली आणि दम्यानं त्यांना आतल्या खोलीत नेऊन टाकलं. मग अक्का गादीवर येऊन बसल्या. वाण्याचं माळकरी घर, बाईमाणूस बाजारात बसलेली, लोक चार दिवस बोलले आणि पाचव्या दिवशी पेंड घ्यायला आले. जगाची रीतच ती.

अक्कांची एक सवय होती. माल आला की प्रत्येक पोत्यात हात घालायचा, नखाएवढा तुकडा काढायचा, जिभेवर ठेवायचा, घोळवायचा आणि थुंकायचा. पेंड जुनी आहे का, ओल लागली आहे का, एरंडीची भेसळ आहे का, हे त्यांना जीभ सांगे. चव घेतल्याशिवाय पोतं दुकानाबाहेर पडायचं नाही. समोरचा दुकानदार बन्सीलाल रस्त्यापलीकडून ओरडे, "अक्का, इतली पेंड खातस तुम्ही, एखाद दिन दूधबी देशात!" त्यावर अक्का म्हणत, "देसू. पन तुले नई देवाव."

म्हशीवाल्यांचं गिऱ्हाईक होतं तोवर त्यांना झोप लागत असे. म्हैस काही पोटात ठेवत नाही. पेंड वाईट असली तर ती तोंड फिरवते, संध्याकाळी दूध आखडते, आणि सकाळी गवळी दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. पण नव्वदीच्या सुमारास पाझर तलाव मासेमारीच्या ठेक्यानं जाऊ लागले, नदीकाठी लोकांनी तळी खोदली, आणि रोहू-कटल्याला भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा घालायचा हे जो तो सांगू लागला. अक्कांचा धंदा वाढला आणि झोप उडाली. मासा पाण्याखाली. त्यानं खाल्लं की नाही, त्याला बाधलं की काय, कळणार कसं? कळेल तेव्हा तो उलटा होऊन वर आलेला असणार. माळकरी बाईनं माशाची एवढी काळजी करावी याचं बाजाराला हसू येई. अक्कांना येत नसे.

त्यात त्या आणखी एक पेंड विकत, मोहाची. ती खायला नव्हे, मारायला. तळ्यात नवं बीज, म्हणजे माशांची बारकी पिल्लं, सोडण्याआधी जुने मरळ-मागूर मासे राहिले तर ते सगळं बीज फस्त करतात. म्हणून आधी मोहाची पेंड भिजवून तळ्यात टाकायची. पाणी कडू होतं, आतले सगळे मासे मरतात. मग पाणी निवळलं की बीज सोडायचं. ही पेंड अक्का मागच्या पडवीत वेगळी ठेवत, वर तांबडं फडकं बांधत, आणि देताना गिऱ्हाइकाकडून दोनदा वदवून घेत की ती कशासाठी आहे. इतकी काळजी घेणाऱ्या बाईच्या हातून व्हायचं ते झालंच.

त्या वर्षीच्या हरतालिकेला सकाळीच साक्रीकडच्या एका घाण्यावरून भुईमुगाच्या पेंडीचा टेम्पो आला. हरतालिकेचा उपास अक्का निर्जळी करत. पाण्याचा थेंब नाही, आवंढासुद्धा जपून गिळायचा. भाऊंचा दमा त्या पावसाळ्यात फार वाढला होता, तेव्हा त्या वर्षी तर त्यांनी जास्तच कडक धरला होता. पोती उतरली, अक्कांचा हात सवयीनं आत गेला, तुकडा ओठापर्यंत आला आणि थांबला. तोंडात काही घातलं की उपास मोडला. थुंकलं म्हणून काय झालं, जिभेला तर लागलंच ना?

दुकानात सुकदेव भोई उभा होता. मन्याड नदीच्या काठावर त्याची तीन लहान तळी. मासे मोठे करून विकायचे नाहीत, नुसतं बीज वाढवायचं. आषाढात जिऱ्याएवढी पिल्लं आणायची, ती बोटभर झाली की ठेकेदारांना द्यायची. गणपती उठले की ठेकेदार येणार होते. वर्षाची कमाई त्या तीन डबक्यांत पोहत होती, आणि घरची पेंड संपली होती.

"उद्या ने ना, सुकदेव," अक्का म्हणाल्या.

"उद्या चौथ शे, अक्का. गाडी भेटाव नई. पोरं भुकी शेत मनी." माशांच्या पिल्लांना तो पोरंच म्हणायचा.

अक्कांनी पेंड तळहातावर चोळली, नाकाला लावली. पावसाळी हवेत सगळ्याच पोत्यांना कुबट वास येतो, तसा आला. रंग जरा काळपट वाटला, ओल असेल. दोन पोती त्यांनी देऊन टाकली. सुकदेव वळला तेव्हा त्याला हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं. मारली नाही.

दिवसभर त्यांचं पूजेत लक्ष लागलं नाही. बायका फेर धरून गात होत्या आणि अक्का मनात ती पेंड पुन्हा पुन्हा चोळत होत्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही.

सकाळी वाळूचा महादेव विसर्जून त्या आल्या. भाऊंनी आतून हाक दिली, "दहीभात काढेल शे, पहिले उपास सोड." अक्का चूळ भरून सरळ दुकानात गेल्या. पहिल्या पोत्यातला तुकडा गोडसर होता. दुसऱ्यातला गोडसर. जीव जरा खाली बसला. तिसरा तुकडा जिभेवर ठेवला आणि कडूपणा थेट घशात उतरला. मोहाची! घाण्यावर कुणा शहाण्यानं उरलेली मोहाची पेंड भुईमुगाच्या पोत्यात भरली होती. त्यांनी उरलेलं एकूण एक पोतं चाखलं. आणखी एक कडू निघालं. बाकी सगळी चांगली. मग सुकदेवनं नेली ती कोणती? चांगली की कडू? ते सांगणारं कुणी नव्हतं.

पेंड संध्याकाळी भिजत घालतात आणि सकाळी टाकतात. सकाळ तर झालीच होती.

सुकदेवच्या गावात एकच फोन, सरपंचाकडे. तो वाजत राहिला. घरचे लोक गणपती आणायला गेले असणार. एसटीला उशीर होता. रिक्षा, टेम्पो, मेटॅडोर, जे जे चाकावर चालतं ते सगळं त्या दिवशी गणपतींनी धरलेलं. शेवटी धनसिंगचा टेम्पो मन्याडकडच्या गावांना मूर्ती पोहोचवायला निघाला होता, त्यात मागे अक्का चढल्या. दहीभात तसाच राहिला. बाजूच्या मूर्तीला धरून त्या उभ्या राहिल्या. धनसिंग गाडी अशी हाकत होता की बैलगाडी पुढे जावी.

"धनसिंग, जरा हाक रे बाबा!"

"अक्का, रस्ता देखा. गणपतीनी सोंड तुटनी ते गाव माले सोडी का?"

त्याचंही चूक नव्हतं. प्रत्येक फाट्यावर ढोल, गुलाल, एक मूर्ती उतरायची. अक्का एका हातानं गणपती धरून होत्या आणि त्यालाच म्हणत होत्या, तेवढी दोन पोती चांगली निघू दे. त्यानं ऐकलं तर बरं, नाहीतर आपण आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

नदीकाठी पोहोचल्या तेव्हा सुकदेव पहिल्या तळ्याच्या बांधावर उकिडवा बसला होता. पाण्यावर बोटभर पिल्लांची दाटी झाली होती. सगळ्यांची तोंडं वर, उघडझाप करणारी. काही आडवी झाली होती. काठाला पांढरी पोटं लागली होती. पहिल्यात पेंड टाकून झाली होती, दुसऱ्या तळ्याच्या बांधावर भिजवलेल्या पेंडीची बादली अजून भरलेलीच होती.

"अक्का? तुम्ही आठे?" तो उठला. "देखा ना, रातभर ढग व्हतात. पाणीमा हवा कमी पडनी व्हई. मी म्हंतं, पहिले यासले सावरू, मंग त्या दोन तयासमा पेंड टाकू."

अक्का बादलीपाशी गेल्या. बोट बुडवून तोंडात घातलं. कडू.

इथे मला सांगितलंच पाहिजे की अक्का काही संत नव्हत्या. त्या क्षणी त्यांना सगळं लख्ख दिसलं. ढगांचं नाव आयतंच झालं होतं. 'ढगाळ आहे तर आज पेंड घालू नकोस, ओल लागली आहे, पोती परत नेते,' एवढं बोललं की झालं. दोन तळी वाचतील, पहिलं ढगांवर जाईल, आणि अक्कांची जीभ बाजारात होती तशीच राहील. सुकदेवला जन्मात कळलं नसतं. हे सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

"ढग नई, सुकदेव," त्या म्हणाल्या. "मनी पेंड शे. मोहानी निंघनी. काल उपास व्हता, मी चाखी नई."

सुकदेवनं बादली उचलली, लांब नेऊन ओतली, आणि पाणी उपसायचं इंजिन चालू करायला नदीकडे धावला. बोलली ती बेबाबाई, त्याची बायको. ओटीत मेलेली पिल्लं गोळा करत होती ती. सरळ उभी राहून म्हणाली, "उपास तुम्ही तुमना धनीसाठे करा. आम्हनं काय चुकनं व्हतं, अक्का?"

अक्कांनी लुगड्याचा ओचा खोचला आणि त्या तळ्यात उतरल्या. आयुष्यात माशाला हात न लावलेली बाई ती. मच्छरदाणीच्या जाळ्याचं एक टोक बेबाबाईच्या हातात, एक अक्कांच्या. जिवंत पिल्लं पकडायची, पाटीत घालायची, दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडायची. इंजिनानं नदीचं ताजं पाणी पहिल्या तळ्यात पडत होतं. ओंजळीत पिल्लू वळवळलं की अक्का पळत, आणि वाटेत ते शांत झालं की तिथेच उभ्या राहून रडत. बेबाबाई मागून म्हणे, "रडू नका, चाला." ऊन कललं तेव्हा हात थांबले. पहिल्या तळ्यातलं निम्म्याहून जास्त बीज गेलं होतं. बाकीची दोन तळी वाचली होती.

बेबाबाईनं भाकरी अक्कांच्या पुढ्यात ठेवली. अक्कांनी उपास त्या भाकरीवर सोडला.

भरपाई त्यांनी दिली, ती किती हे इथे सांगण्यात अर्थ नाही. घाण्याचा माल बंद केला. बाजारात लपवायचं काही उरलं नव्हतं, कारण त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं. म्हशीवाले टिकले. मासेवाले मात्र एकेक करून पातळ झाले. आणि अक्का रोज स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिल्या, सुकदेव दिसतो का म्हणून. तो आला तर काय बोलायचं याची भीती, आणि तो आलाच नाही तर याची त्याहून मोठी भीती.

दुसऱ्या वर्षी आषाढ सरता सरता तो आला. अक्कांना त्यानं रामराम केला, आणि वळून बन्सीलालच्या दुकानात गेला.

अक्का बघत राहिल्या. बन्सीलालनं हसत हसत एक पोतं पुढे सरकवलं. त्याच्या पोत्यांत काय काय असतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण सांगायचं कोणत्या तोंडानं? लोक म्हणतील, गिऱ्हाईक गेलं म्हणून बाई जळते. त्यांनी गादीवरून उठून पुन्हा बसून घेतलं. मग पुन्हा उठल्या, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. कुणाशी न बोलता त्यांनी त्या पोत्यात हात घातला आणि तुकडा जिभेवर ठेवला.

"हाई नको. एरंडी शे यामा."

"अक्का!" बन्सीलाल भडकला. "तुमनं दुकान त्या बाजूले शे!"

"माले ठाऊक शे." त्यांनी दुसरं पोतं चाखलं. ते थुंकलं. तिसऱ्यावर त्यांनी फार वेळ लावला. डोळे मिटले, पुन्हा एक तुकडा घेतला, पुन्हा घोळवला. "हाई ले, सुकदेव. हाई चोखी शे."

सुकदेवनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिसरं पोतं खांद्यावर घेतलं.

त्यानंतर तो कायम बन्सीलालकडूनच पेंड नेत राहिला. अक्कांच्या दुकानाची पायरी तो पुन्हा कधी चढला नाही. पण बन्सीलालनं पोतं पुढे केलं की तो लगेच उचलत नसे. रस्त्याकडे तोंड करून उभा राही. अक्का हातातलं काम टाकून उठत, रस्ता ओलांडून येत. बन्सीलाल तोंडातल्या तोंडात शिव्या घालत बाजूला होई, आणि सुकदेव अक्कांच्या तोंडाकडे बघत थांबे.