तिच्यावरची बंदी

पोखरणला स्फोट झाले तेव्हा मी इंग्लंडात मिल्टन कीन्सला एका बँकेच्या आयटी डिपार्टमेंटमध्ये टेस्टिंग करत होते. आमच्या मराठी मंडळींनी पेढे वाटले. मग अमेरिकेने, जपानने निर्बंध लादले, तसे सगळे तावातावाने परराष्ट्र धोरणावर बोलायला लागले. बहुतेक सगळे डॉक्टर, पण त्या वीकेंडला ज्याला त्याला अणुबाँबमधलं कळत होतं. आख्ख्या घोळक्यात फिजिक्सची एम.एस्सी. मी एकटी, आणि मी आपली किचनमध्ये भजी तळतेय!

माझी काळजी वेगळीच होती. माझी मैत्रीण यायची होती. पुण्यात आम्ही एका बाकावर बसायचो. मी पहिली यायचे, ती दुसरी. पुढे मी डॉक्टर नवऱ्यामागे इकडे आले आणि ती मुंबईत अणुऊर्जा खात्यात लागली. लंडनच्या कॉन्फरन्समध्ये तिचा पेपर होता, मुक्काम आमच्याकडे. मी पडदेसुद्धा बदलले. माझं चहूबाजूंनी मोकळं डिटॅच्ड घर आणि गार्डन बघून तिने जरा जळावं, एवढीच माझी माफक अपेक्षा!

पण कुठल्या खात्यात काम करते ते बघून ब्रिटननेही तिला व्हिसाच नाकारला. फोनवर ती खो-खो हसत होती. "अगं, घाबरतात मला!"

माझा नुसता जळफळाट झाला. मला मेलीला कुणी कधी अडवलं नव्हतं. अडवावं असं माझ्याकडे होतं तरी काय?

"तूच जाऊन वाच ना तिथे माझा पेपर," ती म्हणाली. "तुझ्याइतका कुणाला कळणार?"

धातूंना जाणाऱ्या बारीक तड्यांवरचा पेपर. बाँबशी काडीचा संबंध नाही. तिने तो फॅक्स केला आणि मी झपाटल्यासारखी त्याच्या मागे लागले. आमटी करपली. हे म्हणाले, "परीक्षा आहे का तुझी?"

"हो, आहे!" मी खेकसले.

कॉन्फरन्समध्ये सुरुवातीला अडखळले, मग सूर लागला. शेवटी एका गोऱ्या प्रोफेसरांनी एका आलेखाबद्दल खोचक प्रश्न विचारला. पेपरात त्याचं उत्तर नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या विचार केला आणि सांगितलं. त्यांनी मान डोलावून ते लिहून घेतलं. काय वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत बँकेत असं एकदाही वाटलं नव्हतं.

चहाच्या वेळी ते शोधत माझ्याकडे आले आणि कार्ड पुढे केलं. "हे तुमच्या मैत्रिणीला द्या. बंदी उठली की आम्ही त्यांना बोलावू." मी काय करते, हे काही त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन मी तिला फोनवर सगळं सांगितलं, माझं उत्तरसुद्धा.

"बरोब्बर!" ती ओरडली. "आता निर्बंध सैल होतील म्हणतात गं. पुढच्या वेळी मीच येईन, तुला त्रास नको."

"ये की," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि देवापुढे जाऊन हात जोडले. म्हटलं, देवा, या सरकारांची एवढ्यात दिलजमाई होऊ देऊ नकोस.