रिकाम्या दिवसांची रेघ

विक्रोळीला आमचं ऑफिस आलेख काढायचं सॉफ्टवेअर बनवतं. ग्राहकांच्या तक्रारी सुलक्षणाकडे. फोनवरचं वाक्य ठरलेलं: "तुमचा आलेख चुकतोय." आलेख बहुधा चुकलेला नसे. सॉफ्टवेअरने न विचारता काहीतरी ठरवून टाकलेलं असे, आणि ते कुठे दिसत नसे.

"हे म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे रे," ती म्हणायची. "सगळं परस्पर ठरवून मोकळा." तिच्या मजल्यावर तेव्हा पाणी येत नव्हतं, त्यामुळे उपमा ताजी होती.

तिला सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी हवी होती. त्याने मनानेच धरलेलं सगळं तिथे दिसावं, म्हणजे चूक कुठे ते ग्राहकाला स्वतःच शोधता येईल. आमचे साहेब, अनंत सर, म्हणायचे, "लोकांना कशाला घाबरवतेस?"

घाटकोपरला तिचे वडील, दत्ताराम. मधुमेह, आणि पायाच्या अंगठ्याला जखम. ते घरी बोट टोचून साखर मोजत. मीटरमधले आकडे ती महिन्याच्या शेवटी एकदम आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ओतायची. रेघ शहाण्या मुलासारखी सरळ. त्या रेघेच्या भरवशावर तिने लॅबची तपासणी दोनदा पुढे ढकलली. जखम मात्र भरेना.

शेवटी सर नमले, खिडकी तयार झाली. चाचणीसाठी हाताशी बाबांचाच आलेख होता. खिडकीत एक ओळ दिसली: 'रिकामे दिवस रेघेने जोडा.' तिने ते बंद केलं. रेघेचे तुकडे झाले. निम्मा महिना कोरा.

त्या संध्याकाळी मीही तिच्याबरोबर घाटकोपरला गेलो.

"बाबा, मधले दिवस कुठे गेले?"

"गोड खाल्लंय त्या दिवशी कित्याक टोचू गो?" ते म्हणाले. "उगीच तुझो ग्राफ खराब झालो असतो."

अंगठा काढावा लागला.

खिडकी ग्राहकांपर्यंत गेली. सरांची अट एकच: ती आधी बंद असेल, हवी त्याने सेटिंगमध्ये शोधून उघडावी. सुलक्षणा यावर हसली नाही.

आता दत्ताराम रोज टोचतात, श्रीखंडाच्या दिवशीसुद्धा. परवा डॉक्टर पायाचं शेजारचं बोटही काढण्याबद्दल बोलले. मी भेटायला गेलो तेव्हा दत्ताराम आलेखाकडे बघत बसले होते. रेघ अखंड, चढती.

"ती जुनी रेघ लाव गो," ते म्हणाले. "ती बरी होती."

सुलक्षणाने लॅपटॉप मिटला आणि टोचायला त्यांचा हात ओढून घेतला.