बंद हापशाचं पाणी

आमच्या वस्तीवरचा हापसा कागदावर बंद हाय. आज सकाळी मी त्याच्यातून चार घागरी पाणी आणलं, धुणं धुतलं, शेळ्या पाजल्या, आन् मंग लिहायला बसले. हे वाचून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. मला येत न्हाई. माझं टाळकं सरकतं.

दहावीपर्यंत शिकलेली बाई मी. लग्न झालं तशी लेखणी सुटली, पण राग काही सुटला न्हाई, म्हणून लिहिते. आमची वस्ती राणीसावरगावच्या अंगाला, गावापासून तुटून वढ्याच्या पल्याड. दसरा झाला की ट्रॅक्टर येतो आन् निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तसा आमचा एक कोयता. परत यायचं ते पाडव्याच्या मागंपुढं. तवर वस्तीवर राहतात म्हातारी माणसं आन् कोंबड्या.

नळाची लाइन गावात आली, वस्तीच्या तोंडापर्यंत आली, दारादारात तोट्या बसल्या, फोटो निघाले. पाणी काही आलं न्हाई. माझ्या दारातल्या तोटीला आमी शेळी बांधतो. प्यायचं पाणी म्हणजे हापशाचं, दुसरं न्हाईच.

हापसा दुरुस्त करायला मी शिकले त्याला लय वर्षं झाली. बायकांचं शिबिर व्हतं, नट खोलायचे दोन पाने हातात दिले आन् हापसा उघडून दाखवला. घरी आले तर नवरा म्हणतो, "आता हिला मिस्तरीण म्हणा." म्हणलं, म्हणा की! तवापासून आतले गज वर काढायचे, साखळीला ग्रीस लावायचं, फाटलेलं वायसर बदलायचं, ही सगळी माझी कामं. वायसर म्हणजे आत चामड्याची एक वाटी असती. ती फाटली की दांडा नुसता खालीवर होतो, पाणी चढत न्हाई. तेवढ्या एका वाटीपायी अख्खे हापसे भंगारात गेलेले मी बघितलेत. नवीन बसवायला सगळे तयार. जुन्याला हात लावायचा म्हणलं की ह्यांचे हात दुखतात.

तर आमी नसताना हापशाची वाट लागू नये म्हणून जाताना मी त्याचा दांडा साखळीनं खांबाला बांधते आन् कुलूप लावते. एका साली फवारणीच्या टाक्या भरणाऱ्यांनी दांडा मोडून ठेवला व्हता, तवापासूनची ही पद्धत. किल्ली माझ्या सासूच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात. ती रोज सकाळी कुलूप काढती, राहिलेल्या म्हाताऱ्या आपापल्या घागरी भरतात, आन् परत कुलूप.

आन् जाताना मीच तिला पढवून जायचे. "आत्याबाई, जीपमधून कुणी आलं आन् हापसा चालू हाय का म्हणून विचारलं, तर बंद हाय म्हणा."

त्याला कारण हाय. शाळेजवळ दुसरा एक हापसा व्हता, त्याचंही पाणी गोड. एकदा कागद घेऊन माणूस आला, आन् आमच्या भोळ्या लोकांनी कौतुकानं सांगितलं, लय पाणी हाय साहेब, उन्हाळ्यातबी आटत न्हाई. झालं! हापसा उपटला, बोअरात मोटर सोडली, आन् पाइप गेला गावातल्या वरच्या गल्लीच्या टाकीला. आमच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन तोंड बघत राहिल्या. तवा आमी कानाला खडा लावला. चांगल्या पाण्याची बोंब मारायची न्हाई.

मागच्या साली आमी तोड संपवून आलो. ट्रॅक्टरातून उतरले ती घरात न जाता आधी हापशाकडं गेले. कुलूप जागेवर व्हतं, साखळी जागेवर व्हती. खांबावर मात्र तांबड्या रंगाची ही एवढी मोठी फुली, आन् खाली अक्षरं, 'कायम बंद'.

"आत्याबाई, हे कुणी केलं?"

"साहेब आला व्हता की जीपमंदी. चालू हाय का म्हणला. मी म्हणलं, बंद हाय बाबा, लय दिसापासून बंद हाय."

"मंग?"

"मंग त्यानं रंग लावला आन् गेला. मी म्हणलं, बरं झालं, बला टळली."

मी तिच्यावर अशी काही वरडले की शेजारच्या बाया बाहेर आल्या. तुमच्या डोळ्यादेखत फुली मारली आन् तुमी बघत बसलात? तोंडाला कुलूप लावलं व्हतं का? तिनं ऐकून घेतलं. मंग गळ्यातली किल्ली चाचपत म्हणली, "तूच तर शिकवलं व्हतंस, माय."

खरं व्हतं. शिकवलं मीच व्हतं. तिनं एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाई.

पण त्या साहेबाचं काय? डोळे काय गहाण ठेवले व्हते का त्यानं? कुलूप बघितलं, साधा हात लावून बघितला न्हाई. अरे, कुलूप लावलेल्या घराला तू पडकं घर म्हणतोस का? खालचा ओटा ओला व्हता, कडंनं शेवाळ व्हतं, चिमण्या पाण्यात पंख बडवीत व्हत्या. सहा महिने बंद असलेल्या हापशाखाली शेवाळ येतं? म्हातारी बोलली तेवढं बरं ऐकू आलं. हीच म्हातारी दरसाल निराधारच्या पगारासाठी खेटे घालती, तवा तिचं एक अक्षर ह्यांना ऐकू येत न्हाई.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवकानं मान वर न करता सांगितलं, "बंद हापशांची यादी वर गेली, ताई."

"मंग खाली आणा."

"तसं होत नसतं. तुमच्याच घरच्यांनी बंद म्हणून सांगितलंय."

"अहो, ती खोटं बोलली. चला माझ्यासंगं, हापसून दाखवते. ही काय इथं वढ्यापल्याड वस्ती."

"मी बघून काय उपयोग? रेकॉर्डला बंद आहे. गाडी येईल, हापसा काढून नेतील. तुम्हाला आता नळ आहे ना?"

नळ आहे ना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणलं, "नळ हाय, त्याला शेळी बांधलीय. पाणी काय रेकॉर्डला तोंड लावून प्यायचं का आमी?" पुढंही लय काही बोलले, ते लिहिण्यासारखं न्हाई. शेवटी नवऱ्यानं दंडाला धरून बाहेर आणलं. अर्ज दिला. अर्जावर शिक्का मारून दिला. शिक्का मारायला मात्र त्यांना कधी अडचण येत न्हाई.

आठ दिवसांनी गाडी आली. सकाळची वेळ, आमी धुण्याला बसलेलो. हापसा वर ओढायची तीन पायांची लोखंडी घोडी उतरवली, साखळदंड उतरवले, मोठाले पाने उतरवले. त्यांचा मिस्तरी वयस्कर माणूस. मी त्याच्यासमोर दांडा धरला आन् हापसायला लागले. पाचव्या दणक्याला धार लागली, मनगटाएवढी.

त्यानं ओंजळ भरून पाणी पिलं. तोंड धुतलं. मंग मला म्हणला, "ताई, हात कुणाचा हाय ह्या हापशाला? वायसर लय नीट बसलंय."

"माझाच," मी म्हणलं.

त्यानं साहेबाला फोन लावला. चालू हाय म्हणून सांगितलं, दोनदा सांगितलं. पलीकडून काय आलं ते त्याच्या तोंडावरच दिसलं. फोन खिशात घालून तो म्हणला, "काढा म्हणतेत. यादीत हाय तर काढा म्हणतेत. मी नोकर माणूस, माझा नाइलाज हाय." मंग दुसरीकडंच बघत म्हणला, "पण माणूस हापसायला असल्यावर मला घोडी लावता येत न्हाई. कुणाला लागलं-बिगलं तर जिम्मा माझ्यावर."

त्यानं सांगितलं ते आमाला कळलं. त्या घडीपासून आमी दांडा सोडलाच न्हाई. मी दमले की माझी जाऊ, जाऊ दमली की शेजारीण. दुसरीचे हात भरून येईपर्यंत तिसरी तयार. घागरी भरल्या, हंडे भरले, रांजण भरले, आंघोळीची घंगाळं भरली, गुरांचे हौद भरले. मंग भांडीच उरली न्हाईत आन् पाणी ओट्यावरून वाहायला लागलं. सासू कळवळली. "बायांनो, पाणी सांडू नका गं, पाणी सांडू नका." जन्मभर घोट-घोट मोजलेली बाई ती, तिला ते बघवंना. तिनं बसल्या जागी खुरप्यानं चारी काढली आन् सगळं पाणी शेवग्याच्या झाडांना लावलं. दुपारनंतर वरच्या गल्लीतल्या बाया हंडे घेऊन आल्या. त्यांच्या टाकीची मोटर जळाली व्हती. मनात आलं, घाला आता तुमच्या टाकीत तोंड! पण भरू दिलं. त्यांनीबी मंग हापसलं.

दिवस कलला तशी घोडी परत गाडीत गेली. मिस्तरीनं कागदावर काय लिहिलं ठाऊक न्हाई, पण गाडी पुन्हा आली न्हाई. माझ्या तळहातांना आलेले फोड कोयत्यानंबी कधी तसे आले नव्हते.

हापसा वाचला म्हणून पेढे वाटण्यासारखं काही घडलेलं न्हाई. यादीत तो बंदच राहिला. पूर्वी वायसर, साखळी, नटबोल्ट पंचायतीतून मागून आणता यायचं. आता मागायला गेलं की सांगतात, तुमच्या वस्तीवर हापसाच न्हाई. मंग कधी परभणीच्या बाजारातून आणायचं, न्हाईतर जुन्या चप्पलचं, बैलाच्या पट्ट्याचं चामडं तेलात भिजवून वाटी कापायची. तीबी चांगली चालती. माझा जळफळाट त्याचा न्हाई. दुरुस्ती मी मरेपर्यंत करीन. पण जितं माणूस समोर उभं असताना तुमी त्याला मेलेलं लिहिता, आन् वर त्यालाच म्हणता पुरावा आण. ह्याला काय म्हणावं?

यंदाच्या वैशाखात फुली मारणारा तोच साहेब आला, सासूनं लगेच वळखला. वस्तीवर टँकर लागंल का, ते बघायला. ऊन असं की जमिनीवर पाय ठरंना. मी हापसा उघडून बसले व्हते, हातात पाना. तो सावलीला आला, कपाळ पुसलं आन् म्हणला, "जरा पाणी मिळेल का?"

मी म्हणलं, "हापसा बंद हाय, साहेब."

मला ते म्हणताना लय बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सासू उठली. मला म्हणली, "झाकण बसव." मी हलले न्हाई. तिनं परत म्हणलं, "बसव, पोरी. तहानलेलं माणूस हाय." मी बसवलं, दात-ओठ खात बसवलं. तिनं हापसलं, तांब्या धुतला, भरून दिला. त्यानं एका दमात पिलं आन् दुसरा मागितला.

"कसं लागलं, बाळा?" तिनं विचारलं.

"गोड आहे, आजी. थंडगार."

"बंद हापशाचं हाय. तूच लिहून गेलास."

त्यानं खांबाकडं बघितलं. फुली अजून तशीच हाय. त्याचं तोंड एवढंसं झालं. "बघतो आजी, ऑफिसला गेलो की दुरुस्त करतो," म्हणला आन् जीपमध्ये बसला. पाणी पिऊन गेला. दोन वेळा विचारायला गेले, अजून काही दुरुस्त झालेलं न्हाई.

आता दसरा तोंडावर आलाय आन् आमच्या घरात रोज भांडण हाय. बंद म्हणलं तर उपटून नेतेत, चालू म्हणलं तर मोटर टाकून नेतेत. जाताना हिला काय शिकवून जाऊ? काल मी कुलपाच्या साखळीला तेल लावत बसले व्हते, तवा सासूनंच विषय काढला.

"ह्या टायमाला मी खरं सांगणार हाय. चालू हाय म्हणून."

"आन् मोटर टाकायला आले तर?"

तिनं गळ्यातली किल्ली काढून माझ्या हातात दिली. "मंग मलाच दांड्याला बांध, कुलूप लाव आन् किल्ली घेऊन जा."

ती चेष्टा करत नव्हती. मी तो काळा दोरा परत तिच्या गळ्यात घातला आन् साखळीला तेल लावायला लागले.