समोरून येणारे बाबा

आधीच सांगते, अशा सदरांतले अनुभव मी जेवताना वाचते, करमणूक म्हणून. वाचून झालं की नवऱ्याला म्हणते, "बघ, आणखी एकाला पांढरी साडी दिसली." आमच्या घरात भूत, करणी, नवस, अंगारा यातलं काहीही उंबऱ्याच्या आत आलं नाही. बाबांनी मला शाळेत असल्यापासून एकच शिकवलं — कारण शोध, कारण असतंच. नोकरीही मी तशीच धरली... सॉफ्टवेअर टेस्टिंग. सगळं नीट चाललंय असं जग म्हणत असताना कुठे बिघडलंय ते शोधायचा मला पगार मिळतो. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते.

बाबांचं घर नाशिक रोडला, जेलरोडच्या पुढे गोदावरीच्या काठाला लागून असलेल्या कॉलनीत. कॉलनी लहान, निम्मे लोक नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, बाबाही त्यातलेच. टोकाला नदीकाठची बाग आणि बागेभोवती लंबगोल जॉगिंग ट्रॅक. एका अंगाला नदी, तिथे छातीइतकी जाळी. दुसऱ्या अंगाला भिंत. मध्ये लॉन, घसरगुंडी आणि ओपन जिमची यंत्रं. दोन्ही टोकांच्या वळणांवर तेवढी झाडी आहे — गेटकडच्या टोकाला कण्हेर, पलीकडच्या टोकाला बांबू. ती वीस-पंचवीस पावलं सोडली तर ट्रॅकवरचा माणूस कुठूनही दिसतो. गेट एकच. हे इतकं बारीक लिहितेय, कारण नंतर मला प्रत्येकाने नेमके हेच प्रश्न विचारले.

त्या फेब्रुवारीत बाबांची अँजिओप्लास्टी झाली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, मी एकुलती एक, सासर-नोकरी सगळं पुण्यात. महिनाभर वर्क फ्रॉम होम घेऊन मी नाशिकला आले. डॉक्टर म्हणाले, रोज चालायचं, पण एकट्याने नाही. मी म्हणाले, बाबा, आता कायमचे पुण्याला चला.

"मुलीच्या घरी चार दिवस पाहुणा म्हणून येईन," बाबा म्हणाले. "राहायला नाही."

ज्या माणसाने उभी हयात जुन्या रूढींवर भाषणं ठोकली, तो माणूस हे बोलला! माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "म्हणजे भाषणं लोकांसाठी होती तर."

असं बोलायला नको होतं. बाबांनी ताट बाजूला सारलं, उठले, आणि अबोला धरला.

आमच्याकडचा अबोला साधासुधा नसतो. आई होती तेव्हा निरोप्याचं काम ती करायची. आता घरात तिसरं माणूस नाही, त्यामुळे बाबा भिंतीकडे बघून म्हणायचे, "कुणीतरी गॅस बंद करावा." मीही कमी नाही. फ्रीजला सांगायचे, "गोळी घ्यायची राहिलीय कुणाची तरी."

पण चालायला तर जायलाच हवं होतं. तोड काढली ती देसले काकांनी. ते बाबांचे प्रेसमधले मित्र, सटाण्याकडचे. गुडघ्यांमुळे चालत नाहीत, बांबूच्या वळणावरच्या बाकावर आणखी तिघांबरोबर बसून सगळ्यांवर नजर ठेवतात. ते आणि बाबा रोज एकमेकांची फिरकी घ्यायचे... देसले काका म्हणायचे "जयभीम, पगारे", आणि बाबा म्हणायचे "राम राम, देसले".

"एकमेकांची तोंडं नाय ना बघायची? मग एकानं सुलटं चाला, एकानं उलटं," काका म्हणाले. "चक्कराला दोनदा गाठ पडंल, लक्षबी राहील. बोलायचं काम नाय."

आमच्या ट्रॅकवर एक रीत आहे, बाबांनीच पाडलेली. समोरून कुणी आलं की आपला कितवा राऊंड ते मोठ्याने सांगायचं, म्हणजे कुणी फसवाफसवी करत नाही. आम्ही बापलेक मात्र नुसती बोटं दाखवायचो. बाबा दोन बोटं करायचे, मी दोन करायचे. दोघांची चाल सारखी, त्यामुळे गाठ पडायची ती वळणांवरच. पाच दिवस असं चाललं. खरं सांगते, मला त्या बोटांची मजा वाटायला लागली होती. तिसऱ्या दिवशी बाबा ओठातल्या ओठात हसल्यासारखेही वाटले.

सहावा दिवस. सकाळचे सात, मार्च महिना, लख्ख ऊन. धुकं होतं का असं विचारू नका, नव्हतं. फोन घरी होता, कानात काही नव्हतं.

पहिल्या राऊंडला बांबूपाशी बाबा भेटलेच नाहीत. वळण संपवून मी लॉनपलीकडे बघितलं तर ते भिंतीकडून गेटकडे चाललेले — तीच पांढरी टोपी, तोच निळा स्वेटर. मला वाटलं, लॉनमधून आडवे गेले. कण्हेरीपाशी पुन्हा तेच. वळणाआधी लॉनपलीकडे दिसले, वळणावर नाहीत, वळण संपलं की पुन्हा पलीकडे. दुसऱ्या राऊंडला तेच. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. म्हटलं, आता माझी बोटंसुद्धा नको झालीत यांना.

तिसऱ्या राऊंडला शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक काकू मला मागे टाकून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "इतकं बरं नव्हे हो." मला काही कळलं नाही.

चौथ्या राऊंडला मी ठरवलं, बांबूच्या वळणावर थांबायचंच. बघू कसे टाळतात. देसले काकांच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"लय झालं आता, सुजाता," ते म्हणाले. "म्हातारा माणूस हाय तो. हा बघ, आला. आता तरी बोल त्याच्याशी."

मी वळले. ट्रॅक रिकामा होता. बांबूची वाळकी पानं पडलेली, एक साळुंकी टुणटुण उड्या मारत होती. दुसरं काही नाही. आणि मी विचारलं,

"कुणाशी?"

देसले काकांचा चेहरा पडला, तो मला अजून दिसतो. ते माझ्या खांद्याच्या बाजूला, रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "जाऊ दे, पगारे. पोरगी हाय... रागात हाय." मग त्यांची नजर हळूहळू ट्रॅकवरून पुढे सरकत गेली, जाणाऱ्या माणसामागे जाते तशी. मी त्या नजरेच्या मागे बघत होते. पुष्कळ वेळाने गेटपाशी बाबा दिसले. पाठमोरे. गेट लोटून बाहेर गेले.

नंतर काकांनी सांगितलं ते असं. पहिल्या वेळी बाबांनी बोटं दाखवली, मी बघितलं नाही. दुसऱ्या वेळी ते मोठ्याने "दोन" म्हणाले. तिसऱ्या वेळी माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "सुजा, तुझंच खरं. बॅग भरतो. येतो पुण्याला." हे बाकावरच्या चार जणांनी ऐकलं. मी थांबले नाही, वळसा घालून पुढे गेले. चौथ्या वेळी ते हात पुढे करून माझ्यासमोर उभे होते. आणि मी म्हणाले, कुणाशी.

मी धावत घरी गेले. बाबा चहा करत होते, एकच कप. मी रडत सांगितलं — बाबा, मला तुम्ही दिसला नाहीत. खरंच दिसला नाहीत, आवाजही आला नाही.

त्यांनी गॅस बंद केला. सहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, अगदी शांतपणे. "सुजा, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तुझाही नाही. तुझे डोळे चांगले आहेत, कान चांगले आहेत. मग दुसरं काय कारण उरतं, तूच सांग."

त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. त्यांनीच तर शिकवलं होतं!

त्यानंतर मी डोळ्यांचे डॉक्टर केले, कानाचे केले, एमआरआय केला. सगळं नॉर्मल. मी देवळात जाणारी असते तर रिपोर्ट वाईट यावा म्हणून नवस बोलले असते. बागेतला कॅमेरा फक्त गेटवर आहे, त्यात आम्ही एकत्र आत जाताना दिसतो आणि वेगवेगळे बाहेर येताना. देसले काकांना बाकावर बसवून मी तेच राऊंड पुन्हा मारले, त्याच वेळी, त्याच उन्हात. समोरून येणारा प्रत्येक माणूस मला दिसला.

अबोला त्या दिवशीच संपला म्हणा. बाबा बोलायला लागले. आदबीने, नीट, हवापाण्याचं. पुण्याला जायचं मात्र त्यांनी परत काढलं नाही. मी विषय काढला, हाता-पाया पडले, नवऱ्याला बोलायला लावलं. बाबा दरवेळी म्हणायचे, "बघू." महिना संपला, मी एकटीच परतले. शनिवार-रविवार येत राहिले. चालायलाही जायचो, आता एकाच दिशेने, शेजारी शेजारी, आणि मी सारखी त्यांच्याकडे मान वळवून बघत राहायचे. ते समोर बघून चालायचे.

दिवाळीनंतर त्यांना पुन्हा ॲडमिट केलं. शेवटच्या संध्याकाळी शुद्ध चांगली होती. मी हात धरून परत तेच सांगितलं, कितव्यांदा कोण जाणे... बाबा, मी मुद्दाम नाही केलं हो, मला दिसलाच नाहीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "किती वेळा तेच बोलशील? मी कधीच माफ केलंय तुला."

पहाटे गेले.

काहीजण म्हणतात, माफ केलं ना, मग सोड आता. त्यांना कसं समजावू? मला माफी नको होती. माझं ऐकून त्यांनी एकदा "बरं, नसेन दिसलो" म्हणायला हवं होतं. काय झालं ते मला आजही माहीत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा, पण आता ते मी सांगणार कुणाला?