हाताने बोल

तारखात्यातून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे तारमास्तरच म्हणायचे. माणूस नाकासमोर चालणारा, पण भलताच हेकट. घरात त्यांचं स्वतःचं असं एकच राज्य होतं: खिडकीजवळचं टेबल, त्यावर हौशी रेडिओचा सेट आणि ठिपके-रेघा ठोकायची पितळेची मोर्सची की. रोज सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून ते तिथे बसत. "माझ्यासाठी कधी एवढे नटला नाहीत," म्हणत बायको चहा ठेवून जायची.

सातला रेडिओवर येणारा असायचा दोस्त, हजार किलोमीटरवरचा. एकतीस वर्षं दोघं ठिपक्या-रेघांत बोलत होते आणि एकमेकांचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. फोन करायचा नाही, जे बोलायचं ते हवेवर, असं दोघांचं ठरलेलं. मोर्स पाठवण्याच्या ढंगाला हे लोक 'हात' म्हणतात, आणि दोस्ताचा हात मास्तर हजारांत ओळखत. निरोप संपवताना शेवटची रेघ तो लांबवायचा, दारात चप्पल घालता घालता बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा.

एकदा दोस्त तीन आठवडे गायब झाला. परत आला तेव्हा मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ठिपके एकसारखे, रेघा एकसारख्या, शेवटचीसुद्धा मापात. दोस्ताने रेडिओ कॉम्प्युटरला जोडला होता. एक बटण दाबलं की साठवून ठेवलेला निरोप सेट आपोआप मोर्समध्ये पाठवणार. "सुप्रभात. इकडे सगळं ठीक. तब्येत उत्तम." असलेच सहा निरोप आलटून-पालटून, काना-मात्रेचा फरक नाही.

मास्तरांनी पंधरा दिवस दम धरला. मग त्यांचं डोकं फिरलं. एकतीस वर्षांनी हा आपल्याला बटणावर वाटेला लावतो! त्यांनी तावातावाने ठोकलं: "मी मशीनशी बोलत नाही. हाताने बोल, नाहीतर बोलू नकोस."

"काहीतरी अडचण असेल त्यांची," बायको म्हणाली.

"अडचण कसली? आळस आहे नुसता."

दुसऱ्या दिवशी सातला दोस्त आला नाही. त्याच्या जागी कोणी नवशिका चाचपडत होता. एक ठिपका, मग मोठी थांबाथांब, मग दोन रेघा, त्याही चुकलेल्या. स्टेशनची खूण सांगणारी अक्षरंही धड लागेनात. त्याच्या पुढच्या दिवशीही तोच. तिसऱ्या दिवशी मास्तर वैतागले. दोस्त येईल तर या महाशयांनी वाट अडवलेली! त्यांनी पाठवलं: "आधी शिका, मग हवेवर या."

पलीकडे सगळं थांबलं. थोड्या वेळाने एकच रेघ आली, चांगली लांबलचक. मास्तरांनी डायल फिरवून टाकला.

पुढे दोन महिने ते शर्ट घालून बसत राहिले. "रुसलाय," बायकोला सांगायचे. "येईल झक मारत."

आली ती दोस्ताची मुलगी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी अडकवून.

"काका, बाबा गेले. दोन महिने होतील आता." तिने पाण्याचा ग्लास हातात धरूनच सांगितलं. "आधी झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. रेडिओला कॉम्प्युटर मीच जोडून दिला. डाव्या हाताच्या एका बोटाने चालवायचे. तुम्हाला कळवते म्हटलं की नको म्हणून मान हलवायचे. तुम्ही काळजी कराल म्हणून."

मास्तर खुर्चीत बसले.

"मग एक दिवस त्यांनी की मागून घेतली. डाव्या हाताने तीन दिवस ठोकत होते, घामाघूम होऊन. मला हात लावू देईनात. तिसऱ्या दिवशी पलीकडून काहीतरी आलं. त्यांनी हेडफोन काढून ठेवला, तो पुन्हा घातलाच नाही. आठवड्याने गेले." तिने मास्तरांकडे पाहिलं. "मला मोर्स येत नाही, काका. तुम्हीच होतात ना? काय म्हणालात?"

बायकोने पदर तोंडाशी धरला. उभ्या नोकरीत मास्तरांनी कोणाच्या तारेतलं अक्षर बदललं नव्हतं. त्यांनी शब्दन्‌शब्द सांगितला. "मी ओळखलं नाही गं, पोरी. त्याचाच हात, आणि मी ओळखला नाही."

मुलीने हातातला ग्लास खाली ठेवला. मग उठली, लॅपटॉप टेबलावर ठेवला. "यातले निरोप तुमच्यासाठीच होते," म्हणाली आणि चहा न घेता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मास्तरांनी लॅपटॉप आपल्या सेटला जोडला. गेलेल्या माणसाच्या खुणेने हवेवर काही पाठवायचं नसतं, म्हणून अँटेनाची वायर आधी काढून ठेवली. आता जे वाजेल ते या खोलीतच वाजणार होतं. पडद्यावर सात निरोप होते. सहा ओळखीचे होते. सातवा मास्तरांनी दरडावलं त्या दिवशीचा, कधीच न पाठवलेला. मशीनशी बोलत नाही, असं बजावलं होतं ना.

त्यांनी बटण दाबलं. खोलीत एकसारखे ठिपके, एकसारख्या रेघा वाजू लागल्या.

"रागावू नकोस. उजवा हात गेला. डाव्याने शिकतोय. थोडा धीर धर."

उत्तर द्यायला मास्तरांनी कीवर हात ठेवला. बायको दारात चहा घेऊन उभी होती. तिला मोर्स कळत नव्हतं, पण एवढ्या वर्षांत कान तयार झाले होते. आज मास्तरांचा हात तिला ओळखू येईना. एक ठिपका, मग मोठी थांबाथांब, मग दोन रेघा, त्याही चुकलेल्या.