उतरताना

पुष्करन केरळातल्या कुट्टनाडातला माडी काढणारा. दिवसातून तीनदा माडावर चढायचं, पोय, म्हणजे मिटलेला फुलोरा, ठोकायची, तिचं टोक कोयत्याने तासायचं, मडकं रिकामं करायचं. चढण्याआधी मान मागे टाकून शेंडा न्याहाळायचा. त्या सकाळी तो तसाच बघत असताना वाळकी झावळी सुटली आणि देठाचं जाड टोक डाव्या डोळ्याखाली बसलं.

सूज उतरली. डोळा शाबूत होता. पण वर बघितलं की एका माडाचे दोन माड. गाल, वरचा ओठ बधिर. चहा हनुवटीवर ओघळायचा, त्याला पत्ता नसायचा.

"अळिया, सगळी माडी तूच पितोस काय?" मेहुणा शशांगन हसला. दोघं एकमेकांना अळिया, म्हणजे मेहुणाच म्हणत.

"गप. माझी झाडं दुसऱ्याकडे गेली तर तू पोसणारेस?"

एक डोळा मिटून तो चढत राहिला. खोडाला बांधलेल्या सोडणांच्या, नारळाच्या वाळक्या सालांच्या पायऱ्या. एकदा सोडण नव्हतं तिथे पाय टाकला. खोडाला मिठी मारून वाचला, छाती सोलली. मग बायकोने, सरसम्माने, त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

"सहा स्नायू डोळा फिरवतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोबणीचा तळ अंड्याच्या कवचाएवढा पातळ. तो फुटलाय, खालचा स्नायू फटीत अडकलाय. म्हणून डोळा वर जात नाही. गालाची नस त्याच तळातून जाते, ती चेंगरलीय."

"चुकून दिसायची नस तुटली तर?"

"ती मागे आहे. तिथपर्यंत जायचं नाही. पण उशीर केलात. स्नायू सुटला तरी पूर्वीसारखा चालेलच असं नाही."

ऑपरेशन झालं. वर धरलेलं पेन एकच दिसलं. सरसम्मा रडली. बाईंनी पेन खाली नेलं. दोन झाली.

"एकच," पुष्करन म्हणाला.

पुढे परवानगी मिळताच तो चढला. शेंडा एकच होता. पोय ठोकून त्याने खाली बघितलं. दोन खोडं, प्रत्येक पायरी दोनदा, तळाशी दोन शशांगन. एक डोळा मिटला, तर अंतर कळेना. तळवे घामाने निसटू लागले.

"अळिया, वर ये रे!"

"काय झालं?"

"खाली दोन दोन दिसतंय."

 शशांगन लुंगी खोचून चढला. त्याचा हात पुष्करनच्या घोट्याला लागला.

"डोळे मीट. मी ठेवीन तिथे पाय टाक."

"सोडू नकोस."

"उतर आधी. आणि खाली गेलास की कोयता माझ्याकडे दे. उद्यापासून मी चढेन."

पुष्करनने डोळे मिटले. पाय उचलेना.