ट्रॅक्टर जाईन काय?

आमच्या अमरावतीच्या ऑफिसातल्या मॅडम कुठंही गेल्या, की आधी दरवाजा पाहतात. दोन्ही हात पसरून चौकट मापतात आणि विचारतात, "याच्यातून ट्रॅक्टर जाईन काय?" अकोल्याच्या जठारपेठेत माझ्या भाचीच्या लग्नातही त्यांनी हॉलचं दार असंच मापलं. नवरदेवाकडचे पाहतच राहिले. मी मान खाली घातली.

गावोगावी लोक स्वतःच्या डोक्यानं यंत्रं बनवतात. त्यांना मदत करणारं सरकारी केंद्र अकोल्यात उघडायचं होतं आणि जागा शोधायचं काम आम्हा दोघांकडे होतं. आमच्या साहेबांनी सुचवलेला एसी हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. मॅडम जिन्यातूनच परत फिरल्या. "मशीन काय जिना चढून येईन, साहेब?" असं त्यांनी साहेबांच्या तोंडावरच विचारलं. साहेब कितीतरी दिवस घुश्शात होते, पण शेवटी मॅडमनी हट्ट धरलेलं कापसाच्या जिनिंगचं बंद गोदामच ठरलं.

उद्घाटनाच्या दिवशी दारात फीत बांधलेली आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. तेवढ्यात एक शेतकरीण स्वतः ट्रॅक्टर चालवत आली. ट्रॉलीत कांदे निवडायचं घरी बनवलेलं यंत्र होतं. फीत पाहून ती थबकली.

"कावून थांबून राहिली वं बाई? तुयासाठीच हाये हे. घाल आत!" मॅडम ओरडल्या.

साहेब कात्री घेऊन उभेच राहिले. फीत ताणली, तटकन तुटली आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट सरळ आत शिरला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मॅडम माझ्याकडे वळल्या.

"गेला का नाई?"